प्रो झाल्यानंतरची पहिली दोन वर्षं: एका कॅडीचा सल्ला

मी कॅडी आहे, गोल्फपटूंची बॅग उचलतो. जगज्जेत्यांची नाही. नुकत्याच प्रो, म्हणजे व्यावसायिक, झालेल्या पोरापोरींची, ज्यांच्या बॅगेवर अजून कुणा प्रायोजकाचं नाव शिवलेलं नसतं. त्यामुळे मोठ्या खेळाडूंच्या मुलाखतींत जे येत नाही ते मला रोज दिसतं. रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानात, डोळे दिपवणारा पोरगा दीड वर्षात घरी जातो, आणि त्याच्या शेजारी उभा राहून बरे-बरे फटके मारणारा टिकतो.

यात स्विंगचा हात फार थोडा असतो. पहिल्या दोन मोसमांत कमवायची वस्तू एकच, ती म्हणजे पुढच्या आठवड्यात टी-ऑफ करण्याचा (स्पर्धेत पहिला फटका मारण्याचा) हक्क. ट्रॉफी, पैसा, रँकिंग सगळं त्याच्या मागून येतं. म्हणून कुठलाही निर्णय समोर आला, मग तो नवा ड्रायव्हर (सर्वांत लांब फटक्याचा क्लब, म्हणजे काठी) असो, नवा कोच असो की लांबच्या स्पर्धेचं आमंत्रण, तर मी एकच विचारतो: यामुळे हातातल्या स्पर्धा वाढतील की कमी होतील? खालचं सगळं त्याच हिशेबाने वाचा.

आधी खरे आकडे काढा

मित्रांबरोबर १८ होलच्या राउंडमध्ये मारलेल्या ६७ फटक्यांना (फटके जितके कमी तितकं चांगलं) माझ्या लेखी किंमत शून्य. फक्त स्पर्धेतले, मागच्या टीवरून (होल सुरू करण्याच्या सर्वांत लांबच्या जागेवरून) खेळलेले राउंड धरा. गेल्या वर्षभरातले सगळे एका कागदावर उतरवा. मग चांगले बाजूला सारा आणि सगळ्यात वाईट तिसरा हिस्सा बघा. तुमची खरी पातळी तिथे आहे.

कारण साधं आहे. प्रो स्पर्धा बहुधा चार दिवसांची, ७२ होलची. दोन दिवसांनी कट लागतो. पीजीए टूरच्या, म्हणजे अमेरिकेतल्या पुरुषांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धा-मालिकेच्या, नेहमीच्या स्पर्धेत पहिले ६५ आणि त्यांच्या बरोबरीचे तेवढे शनिवारी खेळतात, बाकीच्यांनी सामान आवरायचं. समजा पार, म्हणजे एका राउंडचे अपेक्षित फटके, ७२ चा कोर्स आहे आणि कट दोन दिवसांच्या १४२ फटक्यांवर लागला. तुमचा वाईट दिवस ७६ चा असेल तर दुसऱ्या दिवशी ६६ मारावे लागतात. वाईट दिवस ७२ चा असेल तर ७० पुरतात. ६६ मागून येत नाही. ७० बऱ्याचदा येतो.

यावर कुणीतरी इयन पोल्टरचं उदाहरण देतंच. चार हँडिकॅपवर (पारपेक्षा साधारण चार फटके जास्त, अशा पातळीवर) प्रो झाला आणि रायडर कपचा, म्हणजे युरोप-अमेरिका सामन्याचा, हिरो ठरला. खरं आहे. पण तो क्लबात असिस्टंट प्रो म्हणून दुकान सांभाळत होता, पोट त्यावर चालत होतं आणि खेळ सुधारायला त्याने वर्षं दिली. तुमची तशी सोय असेल तर खुशाल व्हा.

उंबरठा ओलांडण्याआधी हौशीपणाचे नियम नीट वाचा. २०२२ पासूनच्या नियमांत हौशी खेळाडूला स्वतःच्या नावाचा, फोटोचा जाहिरातीसाठी वापर करू देता येतो, त्यामुळे प्रायोजक हवा म्हणून घाईने प्रो होण्याचं पूर्वीचं कारण आता उरलेलं नाही. बक्षिसाची मर्यादा मात्र १,००० डॉलर आहे. निक डनलॅपने जानेवारी २०२४ मध्ये हौशी असताना पीजीए टूरची स्पर्धा जिंकली, १९९१ मध्ये फिल मिकेलसनने जिंकल्यानंतर पहिल्यांदाच. विजेत्याचे १५ लाख डॉलरहून जास्त पैसे दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला गेले. लोक हळहळले. पण त्याच्या हाती त्याहून मोठं काहीतरी लागलं होतं: पीजीए टूरवर खेळण्याची दोन वर्षांहून जास्त मुदत. काही दिवसांत तो प्रो झाला.

महिन्याकडेही लक्ष असू द्या. क्यू-स्कूल, म्हणजे टूरवर प्रवेश देणारी पात्रता स्पर्धा, वर्षातून एकदाच असते आणि टप्प्याटप्प्याने महिनोन्‌महिने चालते. ती नुकतीच संपलेली असताना प्रो झालात तर पुढची येईपर्यंत खेळायला काही नसतं. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते: बहुतेक टूर हौशी खेळाडूलाही क्यू-स्कूल देऊ देतात. अदिती अशोकने तेच केलं. २०१५ च्या शेवटी लेडीज युरोपियन टूरची क्वालिफाइंग स्पर्धा हौशी म्हणून जिंकली आणि २०१६ च्या जानेवारीत प्रो झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिने दोन स्पर्धा जिंकल्या आणि टूरवरची सर्वोत्तम नवोदित ठरली. आधी निकाल, मग घोषणा. मला हा क्रम फार आवडतो.

आत शिरायचे दरवाजे

क्यू-स्कूल हा मोठा दरवाजा. आठवडाभराच्या खेळावर वर्षभराचं भवितव्य ठरतं. युरोपच्या टूरचा अंतिम टप्पा सहा राउंडचा, १०८ होलचा असतो. चौथ्या राउंडनंतर तिथेही कट. पाचव्या दिवशी पाय बोलायला लागतात, म्हणून त्याआधीच्या आठवड्यात स्पर्धा खेळू नका, तयारी कितीही कच्ची वाटली तरी. अमेरिकेत २०१२ नंतर क्यू-स्कूलमधून थेट पीजीए टूरचं कार्ड (मोसमभर खेळण्याचा हक्क) मिळणं बंद झालं होतं. २०२३ मध्ये ते परत सुरू झालं, तेही मोजक्या पाच जागांसाठी. बाकीच्यांना खालच्या टूरवर जागा मिळते, आणि ती जागा हलकी समजू नका.

आनिका सोरेनस्टाम १९९२ मध्ये एलपीजीएचं (अमेरिकेतल्या महिलांच्या टूरचं) कार्ड एका फटक्याने हुकली. एका. मग ती १९९३ चा मोसम युरोपात खेळली, तिथली सर्वोत्तम नवोदित झाली, पुढच्या वर्षी अमेरिकेतही तोच मान मिळवला आणि १९९५ मध्ये यूएस विमेन्स ओपन जिंकली. एलपीजीएवरचा तिचा तो पहिलाच विजय. क्यू-स्कूल हुकलेल्या प्रत्येकाला मी हेच सांगतो: दुसरी टूर शोधा आणि लगेच शोधा. वर्षभर रेंजवर बॉल मारत पुढच्या परीक्षेची वाट बघणारे बहुधा गंजतात.

दुसरा दरवाजा मंडे क्वालिफायर. सोमवारी एक राउंड, १८ होल, शंभराच्या आसपास खेळाडू आणि जागा साधारण चार, कुठे त्याहूनही कमी. इथे पार मारून भागत नाही. सात-आठ अंडर (पारपेक्षा तेवढे कमी फटके) लागतात, म्हणजे प्रत्येक झेंड्यावर, होलच्या खुणेवरच, थेट मारायचं. अर्जुन अटवाल २०१० मध्ये नुकतंच कार्ड गमावून बसला होता. सोमवारी क्वालिफाय झाला आणि त्याच रविवारी विंडहॅम चॅम्पियनशिप जिंकला. पीजीए टूरची स्पर्धा जिंकणारा तो पहिला भारतीय, आणि मंडे क्वालिफायरमधून येऊन जिंकणारा १९८६ नंतरचा पहिला. चोवीस वर्षांत एक! यावरून दरवाजा किती अरुंद आहे ते समजा. माझं मत: ज्या गावात तुम्ही तसेही आहात तिथलाच मंडे खेळा. त्यासाठी विमानाने जाऊ नका. शिवाय मंडेचा खेळ आणि चार दिवसांच्या स्पर्धेचा खेळ वेगळा असतो. लागोपाठ मंडे खेळणारी पोरं पुढे गुरुवारीही झेंड्यावरच मारत सुटतात आणि कट हुकतात.

तिसरा दरवाजा आमंत्रणाचा. स्पर्धेच्या आयोजकाकडे काही राखीव जागा असतात. त्या मागायच्या असतात, आपोआप येत नाहीत. पत्र लहान, स्वतःच्या हाताने लिहिलेलं, निकालांची यादी जोडलेली. स्पर्धा झाल्यावर आभाराचं पत्रही पाठवा, कट हुकला असला तरी. आयोजक ते लक्षात ठेवतात.

आमंत्रणं मिळाल्यावर ती कशी खर्च करायची हे शिकायला टायगर वुड्सचा १९९६ चा मोसम बघा. लोकांना त्यातलं तेज दिसतं, मला त्यातला हिशेब दिसतो. ऑगस्टच्या शेवटी तो प्रो झाला. हातात सात आमंत्रणं. तेवढ्यात कमाईच्या यादीत पहिल्या १२५ मध्ये घुसायचं, नाहीतर क्यू-स्कूल. मिलवॉकीत पहिली स्पर्धा: बरोबरीत साठावा, कमाई २,५४४ डॉलर. मग अकरावा. मग क्वाड सिटीमध्ये शेवटच्या दिवशी आघाडीवर असताना चौथ्या होलवर पारच्या वर चार, सातव्यावर चार पट (पट म्हणजे ग्रीनवरून, होलभोवतीच्या बारीक गवतावरून, बॉल ढकलण्याचा फटका), आणि अखेर बरोबरीत पाचवा. पुढे तिसरा. त्यानंतरच्या आठवड्यात त्याने दमलो म्हणून एका स्पर्धेतून अंग काढून घेतलं. खूप टीका झाली. आणि पुढच्याच आठवड्यात लास व्हेगासला प्लेऑफमध्ये (बरोबरी फोडण्याच्या जादा खेळात) डेव्हिस लव्हला हरवून पाचव्या स्पर्धेत पहिला विजय. विश्रांतीचा तो आठवडा त्या मोसमातला सर्वांत शहाणा निर्णय होता असं मला वाटतं, शिष्टाचाराबद्दल कुणी काहीही म्हणो.

जॉर्डन स्पीथची गोष्ट तुमच्या अधिक कामाची, कारण तो हात हलवत आला होता. २०१२ च्या क्यू-स्कूलमध्ये दुसऱ्या टप्प्यावरच अडला आणि तरीही डिसेंबरमध्ये प्रो झाला. कुठल्याच टूरवर हक्काची जागा नाही. २०१३ च्या मार्चमध्ये पोर्तो रिको ओपनमध्ये बरोबरीत दुसरा, पुढच्याच आठवड्यात टॅम्पाला बरोबरीत सातवा. या दोन आठवड्यांवर त्याला विशेष तात्पुरतं सदस्यत्व मिळालं, म्हणजे आमंत्रणांची सातची मर्यादा उठली. जुलैमध्ये शेवटच्या होलवर बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) बॉल थेट आत घालून तो प्लेऑफमध्ये गेला आणि जॉन डीअर क्लासिक जिंकला, वय १९. पोर्तो रिकोची ती स्पर्धा बडे खेळाडू दुसरीकडे मोठ्या स्पर्धेत असताना होत असे. नवोदिताने आमंत्रण अशाच ठिकाणी मागावं: स्पर्धक थोडे कमी ताकदीचे, आणि पहिल्या दहांत आल्यास पुढच्या खुल्या स्पर्धेत प्रवेश. नावाजलेल्या स्पर्धेचं आमंत्रण मिळालं की फोटो छान येतात, पण बहुतेकदा शुक्रवारी संध्याकाळी परतीचं तिकीट काढावं लागतं.

चौथा दरवाजा खालच्या टूरचा. ब्रूक्स केप्का २०१२ मध्ये अमेरिका सोडून युरोपच्या दुसऱ्या फळीतल्या चॅलेंज टूरवर गेला. २०१३ मध्ये तिथे तीन स्पर्धा जिंकल्या आणि मोसमाच्या मध्येच बढती घेतली. परका देश, परके कोर्स, वारा, ओलं गवत, रोज नवं हॉटेल. २०१७ ते २०१९ मध्ये त्याने चार मेजर (गोल्फच्या सर्वांत मोठ्या स्पर्धा) जिंकल्या. ज्याला मोठ्या टूरवर कार्ड नाही आणि अंगात दम आहे त्याच्यासाठी माझी पहिली पसंती हीच. चार राउंड, खरा कट, खरा दबाव, आणि दर आठवड्याला खेळायला मिळण्याची खात्री.

पैसा

कट हुकला की कमाई शून्य, खर्च पूर्ण. जॅक निकलॉसला १९६२ मध्ये प्रो म्हणून मिळालेला पहिला चेक ३३ डॉलर ३३ सेंटचा होता. त्याच वर्षी जूनमध्ये त्याने यूएस ओपन जिंकली. तोवर पाच महिने गेले होते, आणि तो निकलॉस होता.

एका आठवड्याचा खर्च काढा: प्रवेश फी, प्रवास, राहणं, जेवण, कॅडी. हातातल्या रकमेला त्याने भागा. जो आकडा येईल त्यातला तिसरा हिस्सा वगळा, कारण मनगट दुखेल, विमान चुकेल, प्लेऑफमुळे एक दिवस जास्त राहावं लागेल. उरले तेवढे आठवडे तुमचे. ते आता कॅलेंडरवर बसवा: तीन खेळा, एक सोडा. जे सलग सहा-सात आठवडे खेळतात त्यांचं पटिंग पाचव्या आठवड्यात ढासळतं, मी पैजेवर सांगतो.

पैसा घालणारा माणूस मिळाला तर कागद करा. काका असले तरी. झॅक जॉन्सनच्या क्लबातल्या सभासदांनी त्याच्यात शेअर घेतले होते, आणि त्या बळावर तो छोट्या टूरवर फिरला. २००३ मध्ये दुसऱ्या फळीतल्या टूरवर कमाईत पहिला आला, २००७ मध्ये मास्टर्स जिंकली. अनेकांचे थोडे-थोडे पैसे हे एकाच्या सगळ्या पैशांपेक्षा बरे, कारण मग दर शुक्रवारी एकाच माणसाला उत्तर द्यावं लागत नाही. कागदावर चार गोष्टी हव्यात: ही रक्कम परत करायची की कमाईतला वाटा द्यायचा, वाटा किती आणि किती वर्षं, वाट्याला वरची मर्यादा आहे का, आणि खेळणं मध्येच सोडलं तर काय. तिसरी गोष्ट सगळे विसरतात. मी बॅग उचलत होतो असा एक पोरगा चांगला खेळायला लागला आणि मर्यादा नसल्यामुळे घेतलेल्या पैशाच्या कितीतरी पट परत देत बसला. मन खट्टू झालं की पट आखूड पडतात.

हिशेबाची वही स्वतः ठेवा. पॉड्रिग हॅरिंग्टन अकाउंटन्सी शिकून १९९५ मध्ये प्रो झाला आणि पुढच्याच वर्षी स्पॅनिश ओपन जिंकला. अकाउंटन्सीमुळे जिंकला असं मी म्हणत नाही, पण त्याला आपण कुठे उभे आहोत हे नक्कीच कळत असणार.

कंपनीने क्लबसाठी पैसे देऊ केले तर ड्रायव्हर बदला हवा तर. बॉल आणि वेज (जवळच्या फटक्यांचे क्लब) बदलू नका. शंभर यार्डांच्या आत हाताला जी सवय आहे ती परत बसायला महिने जातात, आणि कंपनीचे पैसे तेवढ्या काळात संपतात.

आता माझ्याच पोटावर पाय आणतो. पहिल्या वर्षी पूर्णवेळ कॅडी घेऊ नका. कॅडीला आठवड्याची ठरावीक रक्कम द्यावी लागते, वर कमाईचा हिस्सा. चालत आलेली पद्धत अशी: कट पार केला तर ५ टक्के, पहिल्या दहांत आलात तर ७, जिंकलात तर १०. ठरावीक रक्कम तुमचा कट हुकला तरी द्यावीच लागते. त्यापेक्षा त्या कोर्सवर रोज काम करणारा कॅडी घ्या. त्याला ग्रीन माहीत असतात. दुसऱ्या मोसमात, जागा पक्की झाली की, कायमचा माणूस घ्या, आणि तो तुमच्यापेक्षा वयाने मोठा असलेला बरा. तुम्ही रागावल्यावर त्याने गप्प राहायला हवं, आणि तुम्ही चुकीचा क्लब काढल्यावर त्याने बोलायला हवं.

स्पर्धेचा आठवडा

सराव राउंडमध्ये स्कोअर लिहू नका. नवोदित पोरं अनुभवी खेळाडूंबरोबर सराव राउंड मिळाला की त्यांच्यावर छाप पाडायला ड्रायव्हर काढतात. अनुभवी खेळाडू त्या वेळी काय करत असतो ते बघा. एक बॉल ग्रीनवर मारतो आणि मग वीस मिनिटं ग्रीनच्या चारी बाजूंनी चिप करत (ग्रीनवर छोटे फटके मारत) बसतो. चार दिवसांत झेंडा जिथे-जिथे लागू शकतो त्या जागी टी (बॉल ठेवायची खुंटी) खोचतो आणि तिकडे पट मारतो.

प्रत्येक होलसाठी यार्डेज बुकमध्ये (कोर्सच्या नकाशांच्या वहीत) एकच गोष्ट मोठ्या अक्षरात लिहा: चूक कुठे चालेल. डावीकडे पाणी असेल तर उजवं रफ (लांब गवत) चालेल. ग्रीनच्या मागे उतार असेल तर पुढचा बंकर चालेल. कुठे मारायचं ते टीवर उभं राहिल्यावर सगळ्यांना दिसतं. कुठे चुकायचं ते मंगळवारीच ठरलेलं असावं. नवा कोर्स असेल तर मी आदल्या संध्याकाळी होल नंबर १८ पासून उलटा चालत पहिल्या टीपर्यंत येतो. ग्रीनकडून फेअरवेकडे (टी ते ग्रीनमधल्या कापलेल्या पट्ट्याकडे) बघितलं की डिझाइन करणाऱ्याने कुठे फसवलंय ते उघडं पडतं.

पटिंगचा सराव तुमच्या टी-टाइमला करा. सकाळचं ओलं ग्रीन आणि दुपारचं वाळलेलं, तुडवलेलं ग्रीन यांचा वेग वेगळा असतो. गुरुवारी दुपारी खेळणार असाल तर बुधवारीही दुपारीच पट मारा.

मग कारकुनी कामं, ज्यांत फटके फुकट जातात. पाच मिनिटांपर्यंत उशीर झाला तर दोन फटक्यांचा दंड, त्याहून जास्त झाला तर बाद. हरवलेला बॉल शोधायला तीन मिनिटं, २०१९ पासून. आधी पाच होती आणि जुनी माणसं अजून विसरतात. बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब. २००१ च्या ब्रिटिश ओपनमध्ये इयन वूझनम शेवटच्या दिवशी पहिल्या होलवर बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) मारून आघाडीच्या बरोबरीत आला, आणि दुसऱ्या टीवर कॅडीने सांगितलं की बॅगेत दोन ड्रायव्हर आहेत. पंधरा क्लब, दोन फटके गेले. अखेर तो बरोबरीत तिसरा. त्या कॅडीचं नाव आमच्या धंद्यात अजून निघतं. मी पहिल्या टीवर क्लब मोठ्याने मोजतो, खेळाडूला ऐकू जाईल असे. लाज वाटली तरी तुम्हीही मोजून घ्या.

स्कोअरकार्ड तर त्याहून घातक. १९६८ च्या मास्टर्समध्ये रॉबर्टो दे व्हिसेन्झोने सतराव्या होलवर ३ मारले, जोडीदाराने कार्डावर ४ लिहिले, त्याने न बघता सही केली. जास्त लिहिलेला आकडा नियमाने कायम राहतो. एका फटक्याने प्लेऑफ गेला. उलट कमी आकड्यावर सही केली तर थेट बाद, जसा २०२४ मध्ये रिव्हिएराला खुद्द स्पीथ झाला: ४ च्या जागी ३. तेव्हा स्कोअरिंगच्या तंबूत गेल्यावर आधी पाणी प्या, बसा, प्रत्येक होलचा आकडा स्वतःच्या तोंडाने म्हणा, मग सही. राउंड वाईट गेला असेल त्या दिवशी दुप्पट वेळ घ्या, कारण त्याच दिवशी डोकं ठिकाणावर नसतं.

शुक्रवार दुपार

कटची रेषा जवळ आली की नवोदित दोनपैकी एक करतो. एकतर बोर्डकडे बघायचंच नाही म्हणतो आणि मान वाकडी करून बघत राहतो, किंवा सहा होल उरलेले असताना प्रत्येक झेंड्यावर मारतो. माझी पद्धत अशी. बाराव्या टीवर आम्ही उरलेल्या होलचे दोन गट करतो. पार ५ चे आणि पार ४ चे छोटे होल म्हणजे जिथे बर्डी मागायची, आणि बाकीचे जिथे ग्रीनच्या मध्यावर मारून दोन पट घ्यायचे. एक फटका मागे असाल तर पहिल्या गटातली एक बर्डी पुरते. ती सतराव्यालाही येऊ शकते. घाई तेराव्याला करायची गरज नसते.

आठ फुटांचा पट हुकला म्हणून डोकं धरू नका. पीजीए टूरवरचे खेळाडूही आठ फुटांवरून साधारण निम्मेच घालतात. टीव्हीवर फक्त घातलेले दाखवतात, त्यामुळे घरच्यांना वाटतं आपलंच पोरगं हुकवतंय.

कट हुकलाच तर शनिवारी परत जायची घाई करू नका. तिथेच राहा, सकाळी रेंजवर एक तास, मग कोर्सवर जाऊन पहिल्या दहांतला एखादा खेळाडू नऊ होल चालत बघा. त्याचा स्विंग बघू नका. तो ग्रीन हुकल्यावर कुठे हुकतो ते बघा.

आणि जस्टिन रोजचं नाव लक्षात ठेवा. १९९८ मध्ये सतराव्या वर्षी हौशी म्हणून ब्रिटिश ओपनमध्ये चौथा आला, शेवटच्या होलवर रफमधून पिच मारून थेट आत. लगेच प्रो झाला. पुढचे सलग २१ कट हुकले. जगभर त्याची कीव केली गेली. १९९९ मध्ये क्यू-स्कूलमधून कार्ड मिळवलं, एका मोसमानंतर ते गेलं, परत क्यू-स्कूल, परत कार्ड. २००२ मध्ये पहिला टूर विजय, २०१३ मध्ये यूएस ओपन, २०१६ मध्ये ऑलिंपिकचं सुवर्ण. त्या २१ कटांतला शिकण्यासारखा भाग असा की तो खेळत राहिला, आणि खेळत राहण्यासाठी परीक्षेला परत बसायची त्याला लाज वाटली नाही.

स्विंगला हात लावू नका

सगळ्यांत जास्त भांडणं माझी इथे होतात. तीन कट हुकले की पोरगा नवा कोच शोधतो. टायगरने बदलला ना स्विंग, म्हणतो. बदलला, पण कधी? १९९७ ची मास्टर्स १२ फटक्यांनी जिंकल्यानंतर. मास्टर्स जिंकणाऱ्याला पीजीए टूरवर तेव्हा दहा वर्षांची मुभा मिळायची. १९९८ मध्ये त्याला पीजीए टूरवर एकच विजय मिळाला आणि तरी काही बिघडलं नाही, कारण त्याची जागा कुणी काढून घेणार नव्हतं. निक फाल्डोने ऐंशीच्या दशकात स्विंग मोडून नवा बांधला, तोही नाव आणि विजय गाठीशी असताना. तुमच्याकडे एक वर्षाचं कार्ड असेल तर स्विंग मोडून बांधायला लागणारा वेळ त्या कार्डात मावत नाही.

अपवाद दोन. दुखापत होत असेल तर, आणि एकाच बाजूची चूक वारंवार पाण्यात नेत असेल तर. बेन होगनचा हुक (डावीकडे जोरात वळणारा फटका) दुसऱ्या प्रकारातला. तो १९३० च्या सुमारास प्रो झाला, पैसे संपून परत-परत घरी गेला, आणि एकट्याने पहिली स्पर्धा जिंकायला १९४० उजाडलं. तो हुक काढावाच लागला. पण तुमचा फेड (उजवीकडे किंचित वळणारा फटका) दहा यार्ड जास्त वळतो, हे कारण नाही. दहा यार्ड डावीकडे धरा आणि खेळा.

बदलायचंच असेल तर हे बदला: तीन ते शंभर यार्डांमधला खेळ, आणि पहिला पट किती जवळ जातो ते. यासाठी वही लागते. प्रत्येक राउंडनंतर मी चारच रकाने भरून घेतो: टीवरून किती वेळा दंड किंवा आडवा फटका, शंभर यार्डांच्या आतून किती फटक्यांत होल झाला, तीन पट किती, आणि रागाच्या भरात मारलेला फटका कुठला. चौथा रकाना भरायला सगळे कुरकुरतात, पण दहा राउंडनंतर सगळ्यात उपयोगी तोच ठरतो.

दुसरा मोसम संपत आला की ती वही, पैशाची वही आणि कॅलेंडर एका टेबलावर ठेवा. पुढच्या वर्षी हक्काच्या स्पर्धा किती? पहिल्या वर्षापेक्षा जास्त असतील तर काहीही न बदलता पुढे चला. तेवढ्याच असतील तर टूर बदलण्याचा विचार करा. आणि कमी असतील तर बाकी सगळं बाजूला ठेवून क्यू-स्कूलच्या प्रवेशाची शेवटची तारीख बघा. ती पहिल्या टप्प्याच्या बरीच आधी असते, तुम्ही मोसमातल्या शेवटच्या स्पर्धांत कार्ड वाचवायची धडपड करत असताना. मी माझ्या खेळाडूंचे फॉर्म त्याआधीच भरून घेतो. कार्ड वाचलं तर फॉर्म मागे घेता येतो.